पाटलीच्या पोटातले आकडे

हॉलमार्क हा दागिन्यावरचा सर्वांत बारीक मजकूर. पाटलीत तो आतल्या अंगाला, अंगठीत वेढ्याच्या आत, तर मंगळसूत्रात वाटीच्या मागे किंवा हुकाजवळ लेझरने कोरलेला असतो. चाळिशी लागलेल्या ग्राहकाला तो वाचायला सराफाचेच भिंग मागावे लागते. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची, त्याचाच चष्मा.

भिंगाखाली तीन गोष्टी दिसतात: भारतीय मानक ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. हा शेवटचा क्रमांक प्रत्येक डागाला वेगळा. एप्रिल २०२३ पासून सक्तीच्या क्षेत्रात त्याच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही.

आकड्याचा हिशेब सोपा आहे. शुद्ध सोने २४ कॅरेट. त्यातले २२ भाग सोने असले की हजारात ९१६. दहा ग्रॅमच्या गोठात सोने ९.१६ ग्रॅम आणि बाकी तांबे-चांदी. ही भेसळ नव्हे, गरज आहे. शुद्ध सोने इतके मऊ की त्याचा गोठ चार दिवस पोळ्या लाटल्यावर गोल राहायचा नाही. हिरे घट्ट धरायचे तर १८ कॅरेट, म्हणजे ७५०, बरे. १४ कॅरेटचा आकडा ५८५. २०२५ मध्ये ९ कॅरेटही, म्हणजे ३७५, हॉलमार्कच्या यादीत आले. त्यात सोने अल्पमतात असते, तरी सरकार सोन्याच्याच नावाने चालते.

‘केडीएम’ हा मात्र शुद्धतेचा शिक्का नाही, जरी अनेक घरांत तो अजून अभिमानाने सांगितला जातो. ती डाख लावण्याची रीत: सोन्यात कॅडमियम मिसळून सांधे जोडायचे. त्या धुराने कारागिरांची फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे बिघडत, म्हणून ती मागे पडली.

हॉलमार्क आला तो २००० साली, तोही ऐच्छिक. तोवर डाग कसोटीच्या काळ्या दगडावर घासायचा, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकायचा आणि सराफाने “घरचंच समजा, वहिनी” म्हणायचे, एवढ्यावर भागे. मोडीच्या वेळी तोच सराफ त्याच डागाला घट लावी, तेव्हा घर कोणाचे हा प्रश्न पडे. हॉलमार्किंग केंद्रात असे भावनिक काही नसते. तिथे खरवडून घेतलेला नमुना तोलतात, चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत घालतात. शिसे हलके धातू घेऊन मुशीत जिरते, चांदी नायट्रिक आम्लात विरघळते आणि उरलेले सोने पुन्हा तोलतात.

१६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हे सक्तीचे झाले. पुढे जिल्हे वाढले. दोन ग्रॅमखालचे डाग आणि कुंदन, पोलकी, जडाऊ यांना सूट आहे, त्यामुळे नाकातली चमकी बहुधा कायद्याच्या नजरेतून सुटते. शिक्क्यापेक्षा शुद्धता कमी निघाली, तर वजनाच्या हिशेबाने येणाऱ्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च विक्रेत्याने द्यायचा असतो.

शिक्का शुद्धतेखेरीज काहीच बोलत नाही. बोरमाळेच्या मण्यांत लाख किती, काळ्या पोतीचे वजन वजा केले का, मजुरी किती टक्के लावली, हे सगळे बिलात असते, आणि बिल पाकिटात जाते. मजुरी तर मोडताना परत मिळत नाही. ९१६ पाहून निर्धास्त झालेले गिऱ्हाईक नेमके तिथेच कापले जाते, तेही चहा पिता पिता.

क्रमांक खरा की कोणी दुसऱ्या डागावरून उतरवला, हे ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर कळते. एचयूआयडी टाकला की विक्रेत्याची नोंदणी, तपासणी केंद्र, शुद्धता आणि डागाचा प्रकार दिसतो. हा प्रकार जरूर वाचावा: अ‍ॅप ‘अंगठी’ म्हणत असेल आणि हातात मोहनमाळ असेल, तर पैसे मोजायचे थांबावे.