आपोआपराव

भाऊंना कामाचा कंटाळा नाही. काम रोज रोज करावं लागतं, याचा मात्र मनस्वी राग आहे. एकदाच मरमर राबावं आणि पुढे वस्तूने आपलं आपण चालत राहावं, हा त्यांचा सिद्धान्त. म्हणून अमडापुरात त्यांना समोर ‘भाऊ’ म्हणतात आणि पाठीमागे ‘आपोआपराव’. असा एक गृहस्थ तुमच्याही गावात असणार. बहुधा निवृत्त मास्तर असेल.

आधी त्यांनी अंगणातली तुळस सलाइनच्या रिकाम्या बाटलीवर लावली. थेंब थेंब पाणी, आपोआप. बाटली भरायच्या वहिनी.

यंदा त्यांच्या डोक्यात समुद्र शिरला. चिखली-खामगाव रस्त्यावरच्या आमच्या गावापासून तीनशे किलोमीटरांच्या आत समुद्र नाही, ही गोष्ट त्यांना अडचण न वाटता आव्हान वाटली. लहानपणी मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय बघितलेलं. शंभर लिटरची काचेची टाकी, खारं पाणी, खडक, शेवाळ, मासे. माशांची घाण जिवाणू पचवतील, त्यावर शेवाळ वाढेल, सगळं आपोआप.

“माह्या बापानं खाऱ्या पाण्यातून सोडवाले मले इथं देल्लं,” वहिनी म्हणाल्या, “आन् तुम्ही घरातच खारं करून राह्यले!” त्यांचं माहेर संग्रामपूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथलं बोअरचं पाणी आणू का, असं भाऊंनी विचारल्यावर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. ते पाणी चालणारही नव्हतं म्हणा. समुद्रात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, आणि ते नुसतं मीठ नसतं. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही लागतं. तेव्हा खास मीठ कुरिअरने आलं. “साडेतीन किलो मीठ? किराण्यात नव्हतं का भाऊ?” कुरिअरवाल्या पोराने सही घेता घेता विचारलं.

मग महिना-दीड महिना टाकीत मासाच नाही. पाहुणे काचेला नाक लावून शोधायचे. “मासे नाहीत, जिवाणू तयार होत आहेत,” भाऊ सांगायचे. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. पाहुणे मान डोलवून चहा घ्यायचे. या अदृश्य मंडळींना सुरुवातीला काहीतरी सडकं खायला लागतं, म्हणून भाऊंनी आठवडी बाजारातून सुके झिंगे आणून टाकीत सोडले. वहिनी माळकरी. त्यांनी चूल अंगणात नेली.

मी त्यांना अमेरिकेतल्या बायोस्फिअर-2 ची गोष्ट सांगितली. 1991 साली आठ माणसं काचेच्या बंद जगात शिरली. समुद्र, जंगल, शेती, सगळं आत. तरी ऑक्सिजन इतका घटला, की शेवटी बाहेरून सोडावा लागला.

“आठ जणांत एकही मास्तर नसेल,” भाऊ म्हणाले.

पुरावा म्हणून ते मला लोणारला घेऊन गेले. उल्केच्या खड्ड्यातलं ते खारं, अल्कधर्मी सरोवर आमच्याच जिल्ह्यातलं. आत गोड्या पाण्याचे झरे येतात, बाहेर जायला वाट नाही. पाणी उन्हाने उडतं, क्षार मागे राहतात. 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खारप्रेमी सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. “बघा! हजारो वर्षं कुणी हात लावला नाही!” भाऊ काठावरून ओरडले. मी बघितलं. भाऊंचीच टाकी होती, फक्त वहिनींच्या जागी झरे होते.

कारण खरी मेख तीच. मे महिन्यात वऱ्हाडात पाणी टिकतं कुठे? टाकीतलं पाणी उडायचं, मीठ राहायचं, म्हणून रोज दोन तांबे शुद्ध गोडं पाणी भरावं लागायचं. आमच्या नळाचं चालत नाही, जाराचंच लागतं. जार वहिनी उचलायच्या. टाकीला गारवा हवा म्हणून घरातला एकमेव कूलर तिच्यापुढे लागला आणि माणसं गच्चीवर गेली.

टाकीत आता दोन नारिंगी-पांढरे क्लाउन मासे होते. एका रात्री लाइट गेली, इन्व्हर्टरने अडीच तासांत मान टाकली. पंप बंद म्हणजे पाण्यात हवा नाही. आम्ही तिघांनी पाळ्या लावून तांब्याने पाणी उचलून उंचावरून परत टाकीत ओतलं. दोन ते चार माझी पाळी होती. सहाला लाइट आली. मासे मजेत होते.

आठला शाळेतली पोरं टाकी बघायला आली. “काल रात्रभर लाइट नव्हती,” भाऊ छाती फुगवून सांगत होते, “तरी मासे कसे आहेत बघा. आपोआप!”

“आपोआप म्हंजे म्याच ना,” आतून वहिनी म्हणाल्या. या महिन्याचे जाराचे पैसे मात्र मी दिले.