कडी बाहेरून, मोकळीक आतून

मनाची मोकळीक म्हणजे दाराला बाहेरून कडी असताना आत बसलेल्याने तिची दखल न घेणे. हा गुण जगात कुठेही आढळतो, पण त्याचे उत्तम नमुने रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा या तालुक्यांत पाहायला मिळतात. पेण प्रसिद्ध आहे ते गणपतीच्या मूर्तींसाठी. या विषयातली सर्वांत मोठी मूर्ती मात्र तालुक्यातल्या गागोदे गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी घडली. नाव विनायक नरहरी भावे, पुढचे विनोबा.

विनोबांनी पहिली कडी काढली ती परीक्षेची. 1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा विद्यार्थी वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. प्रमाणपत्रे त्याआधीच घरच्या चुलीत गेली होती. (परीक्षेतून पळणारा प्रत्येक जण ब्रह्मजिज्ञासू नसतो, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.)

पुढे इंग्रज सरकारने त्यांना वारंवार तुरुंगात घातले. कैद्याची गैरसोय व्हावी हा शिक्षेचा हेतू. तो इथे साधेना, कारण काढून घेण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हतेच. जेवण मोजके, कपडे मोजके, पहाटे उठायची सवय, अंगमेहनतीची आवड. तुरुंगाचे नियम त्यांच्याच दिनक्रमावरून उतरवून घेतल्यासारखे होते. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले. अध्याय अठरा, रविवार अठरा. श्रोते मध्येच उठून घरी जातील ही धास्ती नाही; इतके भाग्य बाहेरच्या कीर्तनकारालाही लाभत नाही. 1942 नंतर वेल्लोरच्या तुरुंगात ते तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम शिकले. निवास, भोजन आणि चार भाषा, सारा खर्च सरकारचा!

तुरुंगापेक्षा खुर्चीतून सुटणे अवघड, कारण तिथे कडी बसणाराच आतून लावून घेतो. चिंतामणराव देशमुखांचे बालपण बरेचसे रोह्यात, कुंडलिकेकाठी गेले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. दिवसभर आकड्यांशी बांधलेल्या या माणसाने मेघदूत मराठीत आणले, आणि 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडून दिले. राजीनामा खिशात घेऊन फिरणारे पुढारी महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले. देशमुखांनी तो दिला.

उलट प्रकारचा नमुना मुंबई-गोवा महामार्गावर दिसतो. पनवेल ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण 2011 साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. वडखळच्या कोंडीतल्या चाकरमान्याची गाडी स्वतःची, टाकी भरलेली, रजा मंजूर. तरी त्याच्याइतका जखडलेला जीव शोधून सापडायचा नाही. तो हॉर्न वाजवतो, पुढचाही वाजवतो, आणि कोणाचीच गाडी हलत नाही. शेजारी एसटीत उभ्याने झोपलेला प्रवासी त्या मानाने मुक्त म्हणावा लागेल.

गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी गाडीत ‘गीता प्रवचने’ची एक प्रत जरूर ठेवावी. पळस्प्याला पहिला अध्याय काढला, तर वडखळ येईपर्यंत कर्मयोग सहज वाचून होतो.