आजन्म विद्यार्थी, वय बावीस

दोंडाईच्याच्या स्टेशनाबाहेर ओळख एका प्रश्नात उरकते : ‘कोना पोर्‍या रे तू?’ बापाचं नाव सांगितलं की गल्ली, शेत, मिरचीला मिळालेला भाव, सगळं समोरच्याला पाठच असतं. हाच पोर्‍या डेव्हलपरांच्या ऑनलाइन गोतावळ्यात शिरला की ‘पॅशनेट फुल-स्टॅक इंजिनिअर, एआय-प्रेमी, आजन्म विद्यार्थी’ होतो. गाव? ‘नाशिकजवळ’. (जवळ म्हणजे रात्रीच्या एसटीत झोप पूर्ण होईल इतकं.) लिनस टोरवाल्ड्सनं ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्सची पहिली खबर दिली ती नुसता छंद म्हणून, फार मोठं काही नाही असं बजावून. आमच्या गड्याचं टू-डू अ‍ॅप अजून उघडत नाही, पण जग बदलायचं पक्कं आहे. स्वागताला सर्वांत आधी धावला बॉट. पाठोपाठ कोर्स विकणारा.