दहापैकी चार

आमच्या बालरोग विभागात बातमी पसरायला कागद कधी लागलाच नाही. कोणाची बदली झाली, कोणाची रजा नामंजूर झाली, नवा व्हेंटिलेटर आला पण त्याच्या नळ्या अजून स्टोअरच्या सहीसाठी अडकल्या आहेत, हे सगळं केसपेपरच्या खिडकीपासून निघून वॉर्डातल्या मामांपर्यंत पोचायला एका चहाइतका वेळ पुरतो. मंत्रालयातून बदलीचा आदेश निघायच्या आधी मामांना त्या माणसाच्या निरोप समारंभातला नाश्ता माहीत असतो.

अशा ठिकाणी ‘विभागवार्ता’ काढायची कल्पना फक्त विभागप्रमुखांनाच सुचू शकते. तपासणीला समिती आली की फायली कमी पडू नयेत, म्हणून मॅडमनी बैठकीत ठराव मांडला: दरमहा चार पानं, त्यात नेमणुका, निवृत्त्या, सत्कार आणि सूचना. संपादक कोण, हा प्रश्न येताच सगळ्या सहकाऱ्यांना एकाच वेळी मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसलं. मला मान खाली घालायला किंचित उशीर झाला. त्यात रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयीचं माझं पत्र एकदा वर्तमानपत्रात छापून आलं होतं आणि त्याचं कात्रण मीच ड्यूटी रूममधल्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलं होतं. पुरावा भक्कम होता.

पहिला अंक मी वाङ्मयीन करायचं ठरवलं. २९ जुलैचा ओआरएस दिन जवळ आला होता. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात मिसळून ते लोकांना नुसतं प्यायला दिलं. सुमारे तीस टक्क्यांवर गेलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. रात्री जागून मी यावर दीड पान लिहिलं. लिहिताना माझेच डोळे दोनदा पाणावले. अंक निघाल्यावर त्या लेखाबद्दल एकही माणूस बोलला नाही. शेजारच्या फोटोबद्दल मात्र सगळे बोलले. समईच्या डाव्या बाजूला उभ्या असलेल्या एका प्राध्यापकांचा अर्धा चेहरा कापला गेला होता, आणि उजवीकडच्या लेक्चररचं नाव त्यांच्याहून तीन महिन्यांनी कनिष्ठ असलेल्या बाईंच्या खाली गेलं होतं. आमच्याकडे दिवसांना तोटा नाही. ऑगस्टचा पहिला आठवडा स्तनपानाचा, १५ ऑक्टोबर हात धुण्याचा, १५ ते २१ नोव्हेंबर नवजात बाळांचा, त्यातच १७ तारीख अकाली जन्मलेल्यांची. दर वेळी तीच समई, तीच माणसं, मागचा फ्लेक्स तेवढा बदलतो. अर्धा चेहरा कुठल्याही जुन्या फोटोतून पुरा करून देतो, असं मी त्या प्राध्यापकांना सुचवलं. तेव्हापासून ते माझ्याशी इंग्रजीत बोलतात.

त्याच अंकात इन्चार्ज सिस्टरना नातू झाल्याची आनंदवार्ता होती. आता, दशांशचिन्ह म्हणजे आमचा धर्म. मुलाला औषध किलोवर मोजून द्यायचं असतं. टिंब एक घर सरकलं की डोस दसपट. म्हणून ‘.५’ लिहायचं नाही, ‘०.५’ लिहायचं, आणि ‘५.०’ तर मुळीच लिहायचं नाही, हे मी दर वर्षी नव्या पोरांना ओरडून शिकवतो. छापखान्यात फॉन्ट बदलताना टिंब गळालं, प्रूफ मीच तपासलं होतं, आणि सिस्टरचा नातू जन्मतः ३२ किलोचा झाला. मामांनी अंक हातात धरून मला एवढंच विचारलं, “सर, सून बरी आहे ना?”

खुद्द मामांची पाळी पुढच्याच अंकात आली. पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं असलं की आमच्या वॉर्डात आधी मामांना हाक जाते. पोराची मान आणि गुडघे एकत्र आणून ते त्याला असं धरतात की सुई बाहेर येईपर्यंत पोराला आपण पकडलो गेलोय हेच उमगत नाही. पोर हललं तर सुई चुकते, त्यामुळे आमच्यापैकी अनेकांच्या कौशल्याची कीर्ती खरं तर मामांच्या कोपरांवर उभी आहे. हे सगळं मी त्यांच्या निवृत्तीच्या बातमीत लिहिलं. मामा यंदा अठ्ठावन्न पुरे करणार हे कळल्यावर मी अर्धं पान भरून त्यांना निरोप दिला. विभागाने वर्गणी काढली, शाल आणली. अंक वाटून झाल्यावर मामा केबिनच्या दारात आले. “सर, अठ्ठावन्न हेडक्लार्कला. आम्ही चतुर्थ श्रेणी, आम्हाला साठ. मी अजून दोन वर्षं आहे.” मी शालीकडे पाहिलं. “शाल द्या आता,” मामा म्हणाले. “दोन वर्षांनी हीच परत घेईन.” त्या वर्षीच्या थंडीत रात्रपाळीला ते ती पांघरून बसायचे आणि मी राउंडला आलो की जरा नीट पसरून घ्यायचे.

इथे शहाणा माणूस थांबला असता. पण तेवढ्यात नव्या तुकडीचे ज्युनिअर रेसिडेंट रुजू झाले. ‘डॉ. अमुक रुजू झाले, त्यांचे हार्दिक स्वागत’ हेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायचा मला कंटाळा आला आणि मी विनोद करायचं ठरवलं.

व्हर्जिनिया अ‍ॅपगार या अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञ. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला झटपट जोखायची एक रीत त्यांनी १९५२ मध्ये बसवली, पुढच्या वर्षी ती छापून आली. त्वचेचा रंग, नाडी, डिवचल्यावरची प्रतिक्रिया, हातापायांतला जोर आणि श्वास. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. पहिल्या मिनिटाला एकदा, पाचव्या मिनिटाला पुन्हा. जगभरच्या प्रसूतिगृहांत ही बेरीज आजही रोज होते. मी ती ज्युनिअरांना लावली. नोकरीचा पहिला दिवस म्हणजे पहिलं मिनिट. एकाचा हिशेब असा छापला: रंग, अंग गुलाबी पण हात शाईने निळे, एक. नाडी, मॅडमचा राउंड चालू असल्याने शंभराच्या वर, दोन. डिवचल्यावर नुसतं तोंड वाकडं करतो, एक. हातापायांत जोर नाही, शून्य. श्वास घ्यायला वेळ नाही, शून्य. एकूण दहापैकी चार. पाचव्या मिनिटाचे गुण पुढील अंकी.

विभाग हसला. भूलशास्त्र विभागातून ‘आमच्या बाई तुम्ही न विचारता वापरता’ असा निरोप आला, म्हणजे तेही हसले. चार गुणांचा मानकरी तर एवढा खूश झाला की त्याने अंक घरच्या ग्रुपवर टाकला.

आमच्या शास्त्रात पेशंट एक असतो आणि त्याच्यामागे नातेवाईक सात. आयुष्य त्यांच्यात घालवलेल्या माणसाने हे विसरावं, ही कमाल आहे. मुलाचे वडील निवृत्त मुख्याध्यापक निघाले. ऐन ओपीडीच्या वेळी मॅडमचा फोन वाजला. मॅडमनी दोन वाक्यं ऐकली आणि रिसीव्हर माझ्याकडे सरकवला.

“दहापैकी चार? माझा मुलगा काठावर पास?”

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. बाळ, रंग, नाडी, श्वास. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे तुम्ही जन्मलेल्या पोराला लगेच मार्क देता?”

“हो सर, पहिल्या मिनिटाला.”

“मग याला जन्मला तेव्हा किती होते?”

ते मला कुठून ठाऊक असणार! पण मुख्याध्यापकांनी घरचे जुने कागद काढले आणि दुपारी पुन्हा फोन केला. “नऊ होते. तुमच्याकडे येऊन चार झाले.”

मॅडमनी शुद्धिपत्रक काढायला सांगितलं. कटकट नको म्हणून मी सगळ्यांना सरसकट दहापैकी दहा देऊन टाकले. नवजात अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांनी ते पत्रक लाल पेनाने परत पाठवलं. धडधाकट बाळाचेही हातपाय पहिली काही मिनिटं निळसर असतात, त्यामुळे पहिल्याच मिनिटाला दहा गुण दिसले की मोजणाऱ्याने बाळाकडे न बघता आकडा टाकला असं समजावं, हे ते विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. आता त्यांचाच विभाग खोटं रेकॉर्ड करत होता. ज्या मुलीला मुळात आठ होते ती वेगळीच रुसली. “सर, मग मी त्या रात्री सात शिरा लावल्या त्याला काय अर्थ? सगळ्यांना ग्रेस.”

विभागवार्ता बंद झाली. सूचना पुन्हा फळ्यावर आल्या आणि बातम्या पुन्हा मामांकडे. तेवढ्यात आवक शिक्का मारलेला एक अर्ज माझ्या टेबलावर आला. विषय: पाचव्या मिनिटाचा निकाल राखून ठेवल्याबाबत. मॅडमनी समासात ‘संपादकांनी उत्तर द्यावे’ एवढं लिहून खाली सही केली होती. मी हेडक्लार्ककडे गेलो, म्हटलं, हा विनोद होता, उत्तर कसलं द्यायचं? ते म्हणाले, “सर, विनोदाला आवक नंबर पडला की तो विषय होतो.” माझा पहिला मसुदा त्यांनी संदर्भ नाही म्हणून परत केला, दुसरा ‘उपरोक्त’ नाही म्हणून. शेवटी जावक क्रमांकासह जे पत्र गेलं त्यावर माझी सही आहे:

‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या पाल्याचे पाचव्या मिनिटाचे गुण दहापैकी नऊ आहेत. नाडी, श्वसन व हातापायांतील जोर समाधानकारक. हातांचा निळेपणा पदव्युत्तर शिक्षण संपेपर्यंत राहील. डिवचल्यास पाल्य मोठ्याने रडतो.’

आठवड्याने माझ्या मोबाइलवर फोन आला.

“पत्र मिळालं,” मुख्याध्यापक म्हणाले. आवाज बराच निवळला होता. “नऊ ठीक आहेत. पहिला कोण आला?”