उलटी पट्टी

कॅरेट म्हटलं की मुंबईच्या माणसाला हिरा आठवतो. आमच्याकडे कॅरेट म्हणजे प्लास्टिकचं जाळीदार खोकं आणि त्यात वीस किलो टोमॅटो. जुलै २०२३मध्ये दोन्ही अर्थ एक झाले. नारायणगावच्या बाजारात कॅरेटनं दोन हजारांचा आकडा ओलांडला, लोक रानात टोमॅटोला राखण बसायला लागले आणि आमच्या दाजींनी एका बैठकीत दोन ठराव पास केले. बंगला बांधायचा आणि अक्काला मालदीव दाखवायचा.

सप्टेंबरात टोमॅटो असा झोपला की तोडणीची मजुरी अंगावर आली. बंगला जोत्यावरच थांबला. मालदीवचे पैसे मात्र भरून झाले होते, आणि ट्रॅव्हलवाल्याच्या कागदावर सर्वांत बारीक अक्षरात लिहिलं होतं की ते परत मिळणार नाहीत. दाजींचं इंग्रजी औषधाच्या बाटलीवरचा डोस वाचण्यापुरतं, म्हणून दुभाषा या पदावर मेहुण्याची, म्हणजे माझी, बिनपगारी नेमणूक झाली.

जायचं ठरलं होतं जानेवारीच्या शेवटी. जानेवारीच्या सुरुवातीला पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, मालदीवचे तीन उपमंत्री नको ते बोलून बसले आणि निलंबित झाले, आणि सगळ्या देशानं मालदीववर बहिष्कार टाकला. ज्यांना मालदीव नकाशात दाखवता आला नसता, त्यांनी सर्वांत आधी टाकला. अक्काच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर थेट हुतात्मा बाबू गेनूंनाच साकडं घातलं गेलं. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि तुम्ही, आंबेगाव तालुक्याची लेक, परदेशी बेटावर लोळणार? संदेश चिनी मोबाइलवरून आला होता. ग्रुपच्या ॲडमिनचा खासगी मेसेज रात्री वेगळा आला: जाताच आहात, तर येताना ड्यूटी फ्रीमध्ये काय मिळतं तेवढं बघा.

नारायणगावहून माळशेज उतरून मुंबई विमानतळ गाठायला जेवढा वेळ गेला, त्यापेक्षा कमी वेळात विमान मालेला टेकलं. तिथून स्पीडबोट. एका बेटावर एकच रिसॉर्ट, अशी तिथली पद्धत. दाजींनी पोचल्या पोचल्या बेट पावलांनी मोजलं. "साडेसात एकर भरंल. पण बांध नाही कुठं, भावकी नसावी." या देशातली सर्वांत उंच नैसर्गिक जागा समुद्रसपाटीपासून अडीच मीटरही भरत नाही, असं मी सांगितलं, तर म्हणाले, "मग आपल्या उसापेक्षा बुटका झाला की देश."

उसावरून आठवलं. रात्री जेवायला निघताना दाजींनी हातात बॅटरी घेतली, मोबाइलवर मोठ्यानं भजन लावलं आणि अक्काला मध्ये चालायला लावलं. बग्गीवाल्या पोरानं काळजीनं विचारलं, काय झालं सर? मी सांगितलं, आमच्याकडे उसात बिबट्या असतो. तो हसून म्हणाला, इथं जंगली जनावर नाही, रात्रभर कुठंही फिरा, दिवे चालूच असतात. दाजी थबकले. "रात्रभर? मग थ्री फेज किती वाजता येते?" कायम असते, हे काही केल्या पटेना. रात्रीची लाईट असूनही कुणाला पाणी भरायला जायचं नाही, ही त्यांच्या मते सरळ सरळ उधळपट्टी.

खोली पाण्यातच, खांबांवर उभी. जमिनीत मोठी काच, खाली निळे-पिवळे मासे. याहून वरची तऱ्हा म्हणजे समुद्राखाली पाचेक मीटरवर निजायची खोली. तीही या देशात २०१८पासून आहे आणि तिथली एक रात्र म्हणजे आपल्याकडे एक लग्न. मी हे कौतुकानं वाचून दाखवत होतो. अक्का काचेशी उकिडवी बसून खाली बघत होती. आमच्या आजीचं गाव आंबेगाव. तालुक्याला नाव त्या गावाचं, आणि गाव डिंभे धरणाच्या पाण्यात. "आजीच्या घरात आता असेच मासे फिरत असतील, नाही रे?" एवढंच म्हणाली आणि उठून साडीच्या निऱ्या झटकल्या. पाण्याखालच्या घराचे पैसे मिळतात, हे आजीला कुणी सांगितलं नाही. तिला उठायची नोटीस आली होती.

दाजींनी तोवर स्वतःचं चलन काढलं होतं. शहाळं बारा डॉलर. म्हणजे हजार रुपये. म्हणजे जुलैचं अर्धं कॅरेट किंवा सप्टेंबरची आठ-दहा. अक्कानं शहाळं जुलैच्या भावानं पिऊन टाकलं. दाजींनी सप्टेंबरच्या भावानं पाहिलं आणि नळाचं प्यायले. तेही समुद्राचं खारं पाणी गोडं केलेलं होतं, हे कळल्यावर त्यांना देशाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

पण मला सांगायची आहे ती नाश्त्याची गोष्ट. बुफेत चाळीस तऱ्हा होत्या, पैकी दाजींनी सॅलडच्या ताटातली कांद्याची एक चकती उचलली. व्यापाऱ्यासारखी बोटात दाबली, हुंगली, उजेडाकडे धरली. "विचार, कुठला माल?" वाढणारा तरुण बांगलादेशी होता, हिंदी बऱ्यापैकी बोलायचा. इंडियाचा, म्हणाला. दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. कारण ८ डिसेंबरपासून केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली होती, पंधरवड्यात दहा किलोचा भाव जवळपास निम्म्यावर आला होता, आणि २७ डिसेंबरला शिवनेरीवरून निघालेल्या आक्रोश मोर्चात हेच दाजी घोषणा देऊन घसा बसवून आले होते. शेतकऱ्याला बंदी, शेतकऱ्याच्या कांद्याला बंदी, आणि इथं कांदा आधीच येऊन पंख्याखाली बसलेला!

तो पोरगाही थांबला. म्हणाला, तुमच्या सरकारनं बंद केल्यापासून आमच्याकडे कांदा कडाडला, आई रोज फोनवर शिव्या देते. कुणाला? तुम्हाला. दाजी घाईघाईनं म्हणाले, "तिला सांग, आम्हीबी त्यांनाच देतो." मग हिंदी महासागराच्या मधोमध एक जुन्नरचा कांदेवाला आणि एक ढाक्याकडचा वाढपी कांद्याच्या भावावर वीस मिनिटं बोलत उभे राहिले. एकाला विकायचा होता, दुसऱ्याच्या आईला घ्यायचा होता. मागे रांगेत एक जर्मन बाई ऑम्लेटसाठी ताटकळत होती.

निघताना बिल आलं. बाजारात माल घातला की दाजींच्या हाती पट्टी येते: वर रक्कम मोठी, मग हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं वजा होत होत खाली जे उरतं ते आपलं. हे बिल त्यांनी खालून वाचलं, वरून वाचलं, मग माझ्याकडे दिलं. शहाळी, बोट, मग दहा टक्के सर्व्हिस चार्ज, सोळा टक्के जीएसटी, त्यावर माणशी रात्री सहा डॉलर ग्रीन टॅक्स. तिघांचे चार रात्रींचे बहात्तर. "ही तर उलटी पट्टी झाली," दाजी म्हणाले. "आपल्याकडं माल घालणारा सगळ्यांचं भरतो. इथं खाणारा भरतो." थोडं थांबून म्हणाले, "हा कागद नीट ठेव. बाजार समितीत दाखवतो." आजही पडवीतल्या तारेच्या आकड्यात, टोमॅटोच्या आणि कांद्याच्या पट्ट्यांच्या मध्ये, तो गुलाबी कागद ओवलेला आहे. खालची रक्कम तेवढी अंगठ्यानं दुमडून ठेवली आहे, अक्काला दिसू नये म्हणून.

निर्यातबंदी ३१ मार्चला संपायची होती, ती मार्चमध्येच बेमुदत वाढवली गेली. आणि ५ एप्रिल २०२४ला बातमी आली: मालदीवला वर्षभरात ३५,७४९ टन कांदा जाऊ देणार. १९८१पासून अशी व्यवस्था चालत आली आहे आणि कोटा तोवरचा सर्वांत मोठा. म्हणजे ज्यांच्यावर आम्ही बहिष्कार टाकला होता त्यांना कांदा, आणि ज्यांनी बहिष्कार टाकला त्यांच्याकडे कांद्याच्या बराखी. पुढे ४ मेला बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलरचा किमान भाव आणि चाळीस टक्के शुल्क लावून. आमच्या शिरूर मतदारसंघाचं मतदान १३ मेला होतं, हा निव्वळ योगायोग.

एप्रिलच्या त्या बातमीत मालदीवला काय काय जाऊ देणार याची यादी होती, आणि तीत कांद्याच्या खाली आणखी एक ओळ होती. ती दाजींनी मला फोनवर दोनदा वाचायला लावली. नदीची वाळू, दहा लाख टन.

"वाळू? त्यांना? समुद्रात राहतात ना ते?"

मी म्हटलं, प्रवाळाची असते ती, बांधकामाला नदीचीच लागते.

दाजी बराच वेळ गप्प. त्यांच्या बंगल्याला आठ महिने नदीची वाळू मिळत नव्हती. रात्रीचा ट्रॅक्टर तहसीलदारांनी धरला तेव्हापासून वाळूवाल्याचा फोन बंद. शेवटी क्रशसँडचा ढीग आणून टाकलेला. मालदीवहून आल्या दिवशी अक्कानं त्याच ढिगाजवळ बुटं आणि बॅग झटकली होती. पांढरीशुभ्र वाळू, ओंजळभर. काळ्या ढिगावर ती अजून तशीच दिसत होती.

दाजींनी गवंड्याला बोलावलं. "एवढी तरी घाल देवघराच्या गिलाव्यात. परदेशी आहे."

गवंड्यानं चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकली. "खारी आहे, दाजी. भिंतीला लोणा धरंल."