पृथ्वीचे पुडिंग : कृती व खबरदारी

मुलांना इतिहासाची गोडी लागावी म्हणून ज्यांनी रविवारची दुपार राखून ठेवली आहे, अशा पालकांसाठी ही कृती. वयोगट पाच ते आठ. त्यापुढच्या मुलांना परीक्षेला काय येते ते कळू लागते. मग उपयोग नाही.

साहित्य : जेम्स गिलरेचे ‘द प्लम पुडिंग इन डेंजर’ हे १८०५चे व्यंगचित्र, मोठे छापलेले, पृथ्वीचा गोल, एक मूल (दोन असल्यास उत्तम, वाटणीवरून भांडायचा सराव असतो), पालकाचा संयम, चवीपुरता.

पूर्वतयारी (मुलांसमोर वाचू नये) : चित्रात टेबलावर वाफाळते गोल पुडिंग, त्यावर जगाचा नकाशा. एका बाजूला लाल गणवेशातले काटकुळे विल्यम पिट, इंग्लंडचे पंतप्रधान. समोर नेपोलियन, सम्राट म्हणून राज्याभिषेक होऊन जेमतेम तीन महिने झालेले. पिटने त्रिशूळासारखा काटा रोवून अटलांटिक महासागर कापायला घेतला आहे. नेपोलियन तलवारीने युरोप उतरवून घेतो आहे. चित्र लंडनला हॅना हम्फ्री या बाईंच्या दुकानातून २६ फेब्रुवारी १८०५ रोजी निघाले. गिलरे त्याच दुकानाच्या वर राहायचा.

कृती :

१. चित्र समोर ठेवावे आणि गप्प बसावे. ही पायरी सर्वांत अवघड. ‘बघ हं, यात एक गंमत आहे’ असे चुकूनही म्हणू नये. मुलांना लगेच गृहपाठाचा वास येतो.

२. मूल आधी नेपोलियनची पिसांची टोपी बघेल. मग विचारेल, “हा खुर्चीवरून का उठलाय?” हात पुरत नाही म्हणून. खरा नेपोलियन त्याच्या काळच्या चारचौघांइतकाच उंच होता. त्याला जगभर बुटका करून ठेवले ते गिलरेच्या असल्या चित्रांनी. हे जरूर सांगावे. मात्र दुसऱ्या दिवशी मुलाने वहीत मुख्याध्यापकांचे चित्र काढले, तर तक्रार ऐकायला आईने जायचे की बाबांनी, हे आधीच ठरवून ठेवावे.

३. “पुडिंगमध्ये अंडं असतं का?” असते. जुन्या पद्धतीत जनावराची चरबीही असते. आजी ऐकत असल्यास अंड्यावरच थांबावे.

४. “जास्त कुणाला मिळालं?” इथे पालकाला राहवत नाही. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला ट्रफाल्गरच्या लढाईत समुद्र इंग्लंडचा झाला आणि २ डिसेंबरला ऑस्टरलित्झला नेपोलियनने ऑस्ट्रिया आणि रशियाला लोळवले. म्हणजे गिलरेने फेब्रुवारीत काढलेली वाटणी डिसेंबरपर्यंत खरी ठरली! हे सगळे तारखांसकट सांगितल्यास मूल पाणी प्यायला जाते आणि परत येत नाही. ‘पाणी याला, जमीन त्याला’ एवढे पुरे.

५. “आपण कुठे आहोत?” पुडिंगच्या मागच्या बाजूला. चित्रात दिसत नाही. गोल फिरवून दाखवावा. सुरी तिकडेही चाललीच होती. १८०३ साली असईला इंग्रजांनी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पण यशवंतराव होळकर अजून हाती लागत नव्हते आणि त्यांना आसरा देणाऱ्या भरतपूरच्या किल्ल्यावरचा इंग्रज सेनापती जनरल लेकचा चौथा हल्लाही, हे चित्र निघायच्या पाचच दिवस आधी, फसला होता. मराठी पालकाचा आवाज इथे आपोआप चढतो. चढू द्यावा, फुटपट्टी मात्र उपसू नये.

खबरदारी : ‘यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न विचारल्यास वरील सर्व कृती फुकट जाते. ‘म्हणून वाटून खावं’ हे तात्पर्यही काढू नये. चित्रातले दोघे वाटूनच खात आहेत; अडचण तीच तर आहे.

कृती जमली हे कसे ओळखावे : मूल थोडा वेळ चित्र बघून म्हणते, “पण पुडिंग होतं कुणाचं?” एवढे झाले की चित्र गुंडाळून ठेवावे. त्यानंतरही काही शिकवावेसे वाटले, तर ती पालकाची वैयक्तिक गरज समजून दुसऱ्या खोलीत जाऊन भागवावी.