खजिनदारांचं बटण

प्रत्येक सोसायटीत एक खजिनदार असतो आणि वर्षानुवर्षं तोच असतो, कारण ते पद घ्यायला दुसरं कुणी तयार नसतं. आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना कॉम्प्युटरची भीती वाटते असं जो समजेल तो तोंडावर आपटेल. एक्सेलमध्ये माउसला हात न लावता ते ऑल्ट, ई, एस अशी बोटं मारतात आणि 'पेस्ट स्पेशल'ची खिडकी उघडते. ज्या 'एडिट' मेनूतून हा रस्ता जायचा, तो मेनू २००७च्या ऑफिसमध्ये रिबन आली तेव्हाच पडद्यावरून गेला. बटणांचा क्रम मात्र अजून चालतो. "पाटी काढली, पण बोळ बुजवायला विसरले," असं ते सांगतात, तेव्हा ऑडिटरला गप्प बसवल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर असतं.

त्यांचं वैर आहे ते 'नव्या रूपा'शी. 'नवं रूप वापरून पाहा' अशी चौकट उगवते, खाली दोनच बटणं: 'हो' आणि 'आत्ता नको'. "यात 'नाही' कुठंय?" हा त्यांचा पहिला आक्षेप आणि तो मला बिनतोड वाटतो. मग ते रोज सकाळी चहाआधी निमूटपणे 'आत्ता नको' दाबतात. एके दिवशी विचारणंच बंद होतं आणि नवं रूप घरात येऊन बसलेलं असतं.

अशा दिवशी त्यांच्या दारावरून जाऊ नये. परवा त्यांच्या बँकेच्या ॲपचं हेच झालं. खजिनदारांची एक डायरी आहे. तिच्यात निळ्या शाईत 'तीन आडव्या रेघा – चौथी ओळ – स्टेटमेंट' अशी नोंद होती. ती खोडून लाल शाईत: 'रेघा गेल्या. वरचा गोल फोटो दाबणे.' तीही खोडून आता: 'फोटो गेला. शोधत आहे.' ही शेवटची नोंद पेन्सिलीनं आहे. हल्ली ते शाई वाया घालवत नाहीत.

वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर मुलगा सांत्वनाला गेला. "काका, नवीन किती सोपं आहे!"

"सोपं कुणाला? ज्याला जुनं येत नव्हतं त्याला."

सर्वसाधारण सभेत विषय पाण्याच्या टाकीचा होता, पण खजिनदार उठले. "इमारतीच्या पुनर्विकासाला निम्म्याहून जास्त सभासदांची संमती लागते. बिल्डर वर भाडंही देतो. इथे आपण झोपेत असताना इमारत पाडतात, नवी बांधतात, आणि सकाळी आपण आपल्याच घरात संडास शोधत हिंडतो!" टाळ्या पडल्या. इतिवृत्तात नोंद झाली नाही.

'झोपेत' हा अलंकार नव्हे. विंडोजचे अपडेट महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सकाळी सुटतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. म्हणून त्या बुधवारी खजिनदार कॉम्प्युटर सुरू करण्याआधी देवाला नमस्कार करतात. एरवी ते नास्तिक आहेत.

या लढाईत त्यांच्या बाजूला एक विजय जमा आहे. २०१२ साली विंडोज ८नं स्टार्टचं बटणच काढून टाकलं, जगभर बोंब झाली आणि २०१३ साली ८.१मध्ये बटण परत आलं. खजिनदारांनी तेव्हा एक कडक ईमेल पाठवला होता. बटण कशामुळे परत आलं याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही.

मात्र एक गोष्ट त्यांच्या तोंडावर बोलायची सोय नाही. आज ते ज्या रिबनवर हक्कानं वावरतात, ती आली तेव्हा तिलाही त्यांनी यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. उद्या ती बदलली तर "कसली छान होती!" म्हणून गळा काढतील. तरीही मी त्यांच्याच पक्षात आहे. ज्याच्या बोटांना रस्ता पाठ आहे, त्याला विचारल्याशिवाय रस्ता हलवू नये. सजावट करणाऱ्याचा पगार निघतो, ताळेबंद मात्र खजिनदारांनाच जुळवावा लागतो.

तुमच्या सोसायटीतही असे कुणी असतील, तर त्यांच्यासाठी एक निरोप: विंडोज ११मध्ये मधोमध गेलेलं स्टार्टचं बटण टास्कबारच्या सेटिंग्जमधून पुन्हा डावीकडे आणता येतं. फक्त हे मार्चअखेरीला सांगायला जाऊ नका.